नामदेवांची पदे जपणारी मठनगरी

जयपूर पाहून आलेल्या महाराष्ट्रीय कुटुंबाच्या बोलण्यात हवामहाल, आमेरचा किल्ला, जंतरमंतर आणि बापू बाजारातील मोजड्या एवढ्या गोष्टी हटकून येतात. मंडळी अधिक चौकस असली, तर शहराच्या पूर्वेकडील घळीत वसलेले गलता आणि तेथील वानरसेना यांचेही वर्णन ऐकावयास मिळते. या स्थळांची थोरवी कोणीही नाकारणार नाही. परंतु ज्या घरात आषाढी-कार्तिकीला अभंग म्हटले जातात, त्या घरातील माणसांनी जयपूरपर्यंत जावे आणि नरैना न पाहता परतावे, याची मात्र चुटपुट वाटते. पंढरीच्या नामदेवांची हिंदी पदे ज्या साधूंनी पिढ्यान्‌पिढ्या आपल्या हाताने लिहून जपली, त्यांच्या संप्रदायाचे हे मुख्य पीठ आहे. आणि ते जयपूरपासून सुमारे ७० किलोमीटरांवर, जयपूर जिल्ह्यातच आहे.

युरोपच्या मध्ययुगीन इतिहासात मठाभोवती वाढलेल्या गावांचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. स्वित्झर्लंडमधील सेंट गॅलन हे त्याचे ठळक उदाहरण. सातव्या शतकाच्या आरंभी गालुस नावाच्या साधूने तेथील अरण्यात एक कुटी बांधली. पुढे त्या जागी मठ झाला. मठापाठोपाठ शेते, कोठारे, कारागीर आणि बाजार आले. १८०५ मध्ये तो मठ विसर्जित झाला, तरी तेथील साधूंनी नकललेल्या ग्रंथांचा संग्रह जागच्या जागी राहिला. १९८३ मध्ये युनेस्कोने त्या स्थळाची जागतिक वारसास्थळांत गणना केली, आणि आज दूरदूरचे प्रवासी केवळ ती हस्तलिखिते पाहण्यासाठी तेथे जातात. आपल्याकडे तसे काही नाही, असे आपण सहज म्हणून जातो. नरैना हे त्याचे एक उत्तर आहे. सेंट गॅलनची भव्यता येथे नाही, हे आधीच सांगितलेले बरे. मारवाडाच्या वाटेवरील हे एक लहानसे, धुळीचे गाव आहे. त्यात एक तलाव, एक पांढरेशुभ्र मंदिर, एक वृक्ष आणि बरीच स्मृती आहे.

ज्यांच्यामुळे या गावाला महत्त्व आले, ते संत दादूदयाळ मूळचे येथले नव्हेत. त्यांचा जन्म १५४४ मध्ये अहमदाबादेस झाला, असे परंपरा सांगते. साबरमतीच्या प्रवाहात वाहत आलेले बालक एका ब्राह्मणास सापडले, अशी कथा संप्रदायात पुढे रूढ झाली. परंतु त्यांचे प्रत्यक्ष शिष्य रज्जब त्यांना पिंजाऱ्याच्या कुळातील म्हणतात, आणि जुन्या साधनांचा कौलही तिकडेच आहे. तरुणपणी दादू सांभरला आले. मिठाच्या सरोवरामुळे प्रसिद्ध असलेले हे सांभर नरैन्याहून फार दूर नाही. तेथून ते आमेरला गेले आणि दीर्घकाळ राहिले. जयपूर शहर वसले ते १७२७ मध्ये. दादूंच्या काळी कछवाह राजांची राजधानी आमेर हीच होती. राजा भगवंतदास याच्या मध्यस्थीने १५८५ च्या सुमारास त्यांची आणि अकबर बादशहाची फतेहपूर सिक्री येथे भेट झाली, असे त्यांचा शिष्य जनगोपाळ याने लिहिलेल्या चरित्रात सांगितले आहे. बादशहाशी चर्चा करून आलेला हा साधू अखेरच्या दिवसांत एखाद्या मोठ्या शहरात न राहता नरैन्यास आला. खंगारोत शाखेच्या येथील ठाकुराने त्यांना आग्रहाने बोलावून घेतले होते. १६०३ मध्ये येथेच त्यांनी देह ठेवला.

त्यांच्या देहाचे पुढे काय झाले, ते वाचून काही वाचकांना धक्का बसेल. दादूंच्या इच्छेप्रमाणे तो जाळला नाही आणि पुरलाही नाही. जवळच्या भैराणा नावाच्या डोंगरात तो उघडा ठेवण्यात आला. पशुपक्ष्यांच्या उपयोगी पडावा, एवढाच हेतू. अग्नी की माती या प्रश्नावर कबीरांच्या शिष्यांत वाद झाल्याची कथा आपण लहानपणी ऐकलेली असते. दादूंनी तो प्रश्न शिष्यांसाठी शिल्लकच ठेवला नाही. भैराणा हे त्यामुळे दादूपंथीयांचे दुसरे तीर्थ झाले, आणि नरैन्यातील मठाला समाधीचे नव्हे, वाणीचे स्थान हे स्वरूप आले.

जयपूरहून अजमेरकडे जाणारा लोहमार्ग फुलेरा जंक्शनवरून पुढे जातो. फुलेऱ्यानंतर थोड्याच अवकाशात नरैना स्थानक लागते. मोटारीने जावयाचे असल्यास अजमेर महामार्गावरील दूदू येथून वळावे. गाव दादूंच्या आधीपासूनचे आहे. पंधराव्या शतकात नागौरच्या खानजादा घराण्याचा अंमल येथे काही काळ होता, आणि त्या काळातील जुनी मशीद तलावानजीक उभी आहे. तलाव, मशीद आणि थोड्या अंतरावर दादूद्वारा अशी ही रचना पाहिली म्हणजे मूर्ती आणि मशीद या दोहोंच्या पलीकडे पाहा, असे सांगणाऱ्या साधूने आपला अखेरचा मुक्काम येथे करावा, यात विलक्षण औचित्य वाटते. अर्थात हे औचित्य पाहुण्याच्या मनातले. गावकऱ्यांना तलाव म्हणजे पाणी.

दादूद्वाऱ्याच्या आवारात शिरल्यावर प्रथम लक्ष वेधून घेतो तो खेजड्याचा वृक्ष. आपण ज्याला शमी म्हणतो आणि दसऱ्याला ज्याची पूजा करतो, तोच हा. त्याच्या छायेत दादू बसत असत, अशी श्रद्धा असल्यामुळे भाविक त्याला 'खेजडाजी' असे आदरार्थी संबोधतात. राजस्थानच्या रुक्ष प्रदेशात खेजडा म्हणजे जनावरांचा चारा, माणसाची भाजी आणि उन्हातला आसरा. तेव्हा या आदरात भक्तीइतकाच कृतज्ञतेचाही भाग असावा.

मंदिरात मूर्ती नाही. पंढरपूरच्या गाभाऱ्याची सवय असलेला डोळा क्षणभर गोंधळतो, समोर काहीतरी असावे म्हणून शोधू लागतो. जेथे देव असावयाचा तेथे वस्त्रात गुंडाळलेली दादूंची वाणी, म्हणजे ग्रंथ, गादीवर विराजमान असतो. आरती होते ती ग्रंथाची आणि भाविक नमस्कार करतात तोही ग्रंथालाच. शीख गुरुद्वारा ज्यांनी पाहिला असेल त्यांना ही पद्धत परिचित वाटेल. एकमेकांना भेटल्यावर दादूपंथी 'सत्यराम' म्हणतात. आपल्या 'रामराम' प्रमाणेच तो शब्द वाटेवर, दारात, फाटकाशी ऐकू येतो आणि पाहुण्यानेही तो उच्चारल्यास समोरचा चेहरा उजळतो.

दादूंचे बावन्न प्रमुख शिष्य मानले जातात आणि त्यांच्या स्थानांना 'थांबा' म्हणतात. पहिले महंत झाले ते त्यांचे पुत्र गरीबदास. पुढे पंथाच्या शाखा पडल्या. नरैन्याच्या गादीशी निगडित ते खालसा, भ्रमण करणारे विरक्त, पंजाब-हरियाणाकडील उत्तराधी, आणि शस्त्रधारी नागा. अहिंसेचा आणि समत्वाचा उपदेश करणाऱ्या संताच्या अनुयायांनी ढाल-तलवार धरावी, आणि एकोणिसाव्या शतकात जयपूर संस्थानच्या फौजेत त्यांची पथकेच्या पथके असावीत, हा इतिहासाचा चमत्कार म्हणावा लागेल. त्याची कारणे त्या धामधुमीच्या काळात शोधली पाहिजेत. या लेखाचा विषय तो नव्हे.

मात्र शस्त्रांचा उल्लेख झालाच आहे, तर एक आख्यायिका सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. गुरू गोविंदसिंग १७०६-०७ च्या सुमारास दक्षिणेकडे निघाले, तेव्हा त्यांनी नरैन्यास मुक्काम केला आणि महंत जैतराम यांच्याशी त्यांची भेट झाली. दादूंच्या स्थानासमोर आदर दर्शविण्यासाठी गुरूंनी आपला बाण लववला. बरोबरच्या शिखांनी त्यांना तेथेच अडविले. थडग्यांना आणि समाधींना वंदन करू नये, असे आपणच शिकविले आहे, मग हे काय? गुरू प्रसन्न झाले. शिष्यांची परीक्षा झाली असे म्हणून त्यांनी आपणावर बसविलेला दंड आनंदाने भरला. ज्या संताची समाधीच बांधलेली नव्हती, त्याच्या संदर्भात ही कथा सांगितली जावी, यातील गंमत वाचकांच्या ध्यानी आलीच असेल. पुढे हाच प्रवास गोदावरीकाठी नांदेडला येऊन १७०८ मध्ये संपला.

आता मुख्य विषयाकडे येऊ. दादूपंथाच्या मठांतून जे ग्रंथ लिहिले गेले त्यांत 'पंचवाणी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पोथ्यांना मोठा मान आहे. पाच संतांच्या रचना एकत्र केलेला हा संग्रह. पहिले अर्थात दादू. त्यानंतर कबीर, नामदेव, रैदास आणि हरदास. राजस्थानच्या मध्यभागी बसलेल्या एका पंथाने आपले पाच आधारस्तंभ निवडले, आणि त्यांतील एक भीमेकाठचा शिंपी निघाला. या पाचांतील तिघांचे व्यवसाय एका ओळीत मांडले तर पिंजाऱ्याने पिंजावे, विणकराने विणावे आणि शिंप्याने शिवावे, असा कापसाचा सबंध प्रवासच डोळ्यांपुढे येतो. दादूंनी आपल्या पदांतून नामदेवांचे नाव कबीर, पीपा, रैदास यांच्याबरोबर आदराने घेतले आहे. त्यामुळे ही निवड मागाहून कोणा महंताने केली असे नव्हे. ती संप्रदायाच्या उगमाशीच झालेली होती.

लिहिण्याची आवड या पंथात आरंभापासून होती. दादू बोलत आणि शिष्य टिपून घेत. त्यांच्यापैकी मोहनदास यांना तर 'दफ्तरी' हेच नाव पडले. संतदास आणि जगन्नाथदास या शिष्यांनी केलेला वाणीचा पहिला संग्रह 'हरडे वाणी' म्हणून ओळखला जातो. नंतर रज्जबांनी ती वाणी विषयवार, 'अंगां'मध्ये लावली. हे रज्जब सांगानेरचे पठाण. लग्नासाठी वाजतगाजत आमेरला निघाले असता वाटेत दादूंची गाठ पडली, आणि नवरदेव बोहल्यावर न चढताच साधू झाला. मात्र गुरूंच्या सांगण्यावरून त्याने नवरदेवाचा वेष जन्मभर सोडला नाही, असे सांगतात. आपल्याकडे 'सावधान' हा शब्द ऐकून बोहल्यावरून निघून गेलेल्या नारायण ठोसरांची, म्हणजे समर्थ रामदासांची, आठवण येथे व्हावी हे स्वाभाविक आहे. रज्जबांनी पुढे 'सर्वंगी' नावाचा प्रचंड संकलनग्रंथ सिद्ध केला, आणि त्यात नाना पंथांच्या संतांची वचने विषयवार गुंफली. त्यातही नामदेव आहेत.

रज्जबांचे गाव सांगानेर हे हातकागदाचे केंद्र होते, आणि आजही आहे. जुन्नरी आणि दौलताबादी कागदाची कीर्ती मराठी वाचकांस ठाऊक असेल. तशीच उत्तरेत सांगानेरीची. कापसाच्या जुन्या चिंध्या निवडून चुन्यात मुरवावयाच्या, कुटून त्यांचा लगदा करावयाचा, हौदातील पाण्यात तो ढवळून गवताच्या काड्यांच्या बारीक चटईवर एकेक ताव उचलावयाचा, दाबून पाणी काढावयाचे, भिंतीवर वाळवावयाचा, खळ लावावयाची आणि शेवटी गुळगुळीत दगडाने घोटावयाचा. सांगानेरच्या कागझी कुटुंबांनी हा उद्योग पिढ्यान्‌पिढ्या चालविला. असल्या कागदावर बोरूने लिहिलेले अक्षर तीन-तीन शतके टिकले आहे. लिहिणाराची रीत ठरलेली. मजकूर काळ्या शाईत, रागांची नावे, अंगांची शीर्षके आणि पदांचे आकडे तांबड्या शाईत. शब्द एकमेकांना चिकटलेले, मध्ये जागा नाही. शेवटी विक्रम संवतातील मिती, गाव, लिहिणाराचे नाव आणि त्याची गुरुपरंपरा. पदे रागांनुसार लावलेली असतात, कारण ही पोथी वाचण्यासाठी नव्हे, गाण्यासाठी होती.

एका मठात पोथी उलगडून बसलेल्या वृद्ध साधूंना आम्ही वंदन केले, तेव्हा त्यांनी विचारले, "आपण कोठून आलात?"

"महाराष्ट्रातून, महाराज."

"म्हणजे नामदेवजींच्या मुलखातून," असे म्हणून त्यांनी बसावयास आसन पुढे केले. थोड्या वेळाने त्यांनी आणखी एक प्रश्न केला. "आपल्याकडे त्यांची पदे कोणत्या रागात गातात?"

अभंग, ओवी, टाळ-मृदंग, काकडा असे जे सुचले ते आम्ही सांगितले. त्यांनी ते लक्षपूर्वक ऐकले, आणि दिंडीची चाल ऐकावयाची राहून गेली याची खंत बोलून दाखविली.

आता प्रश्न असा की, पंढरीपासून इतक्या दूर नामदेव पोहोचले कसे? नामदेवांचा काळ परंपरेने १२७० ते १३५० असा मानला जातो. ज्ञानदेवांबरोबर केलेली तीर्थयात्रा आणि पुढे पंजाबातील घुमान येथील त्यांचे वास्तव्य यांच्या कथा सर्वश्रुत आहेत. १६०४ मध्ये सिद्ध झालेल्या शिखांच्या आदिग्रंथात त्यांची ६१ पदे आहेत. म्हणजे दादूंच्या निधनानंतर अवघ्या एका वर्षात, अमृतसरला आणि राजस्थानात अशा दोन भिन्न पंथांत, नामदेवांची पदे लिहून ठेवण्याची निकड दोघांनाही वाटत होती. ती पदे त्यांच्यापर्यंत आली होती ती गाणाऱ्यांच्या मुखातून. बेल्जियमचे अभ्यासक विनांद कॅलेवर्ट आणि जयपूरचे विद्वान मुकुंद लाठ यांनी १९८९ मध्ये नामदेवांची हिंदी पदावली संपादून प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांनी राजस्थानातील अनेक हस्तलिखिते एकमेकांशी ताडून पाहिली. एकच पद या पोथीत एका क्रमाने, त्या पोथीत दुसऱ्या क्रमाने. एका ठिकाणी चार कडवी, दुसऱ्या ठिकाणी पाच. ध्रुवपद तेच आणि अंतरे निराळे. नकल करणाराच्या हातून होणाऱ्या चुकांनी हे फरक पडत नाहीत. गायक पदे मुखोद्गत ठेवून गाव बदलीत हिंडत होते, त्यांच्या स्मृतीचे आणि गळ्याचे हे फरक आहेत, असे त्यांनी दाखवून दिले.

यातून एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो आणि तो टाळून चालणार नाही. या पदांतील किती पदे खरोखर नामदेवांची? नामदेवांच्या हातची पोथी कोठेही उपलब्ध नाही. उत्तरेतील जुन्यात जुनी हस्तलिखिते त्यांच्यानंतर दोनशेहून अधिक वर्षांनी लिहिलेली आहेत. मराठी गाथेची स्थितीही फारशी निराळी नाही. विष्णुदास नामा आणि इतर 'नामे' यांचे अभंग तिच्यात मिसळले आहेत, हे आपले संशोधक फार पूर्वीपासून सांगत आले आहेत. राजस्थानी पोथ्यांतील नामदेव आपल्या ओळखीच्या नामदेवांपेक्षा काहीसे वेगळे दिसतात. पुंडलिक, चंद्रभागा, वाळवंट हा सारा परिसर मागे सरतो. निराकार राम पुढे येतो. तरीही 'बीठल' हे नाव मधूनच उमटते, आणि क्रियापदांच्या शेवटी आपला मराठी 'ल' अधूनमधून डोकावतो. जयपूरकडच्या नकलकाराला तो 'ल' चमत्कारिक वाटला असेल. त्याने तो बदलला नाही. आमच्या मते, या पदांच्या खरेपणाविषयीचे वाद काहीही निघोत, न समजणारे अक्षर जसेच्या तसे उतरवून ठेवण्याची ही निष्ठा मोठी आहे. तीमुळेच तर आज वाद घालावयास काही शिल्लक उरले.

महाराष्ट्राने या ठेव्याकडे अगदीच पाठ फिरविली, असे म्हणता येणार नाही. पुणे विद्यापीठाने १९६४ मध्ये भगीरथ मिश्र आणि राजनारायण मौर्य यांनी संपादिलेली 'संत नामदेव की हिन्दी पदावली' प्रकाशित केली. महाराष्ट्र शासनाने १९७० मध्ये काढलेल्या 'श्री नामदेव गाथे'तही हिंदी पदांचा समावेश आहे. परंतु गाथेच्या शेवटची ती पाने किती घरांत उलटली जातात? कीर्तनात त्यांतले एखादेच पद कधी ऐकू येते.

देवाणघेवाण एकाच बाजूने झाली असेही नाही. ज्या गलत्याला आपले प्रवासी माकडे पाहावयास जातात, तो रामानंदी संप्रदायाचा एक प्रमुख मठ. केवळ दुधावर राहणारे म्हणून 'पयहारी' नाव पावलेले कृष्णदास सोळाव्या शतकात तेथे स्थिरावले. त्यांच्या शिष्यांपैकी अग्रदास सीकरजवळ रैवासा येथे गेले, आणि अग्रदासांचे शिष्य नाभादास यांनी १६०० च्या सुमारास 'भक्तमाल' रचली. त्यात ज्ञानदेव आहेत आणि नामदेवही आहेत. नामदेवांच्या हातून देवाने दूध प्यावे, मेलेली गाय उठावी, देऊळ फिरावे, हे सारे प्रसंग थोडक्या शब्दांत आहेत. पुढे १७६२ मध्ये ताहराबादच्या महिपतींनी 'भक्तिविजय' लिहिला, तेव्हा आपल्या आधारांमध्ये त्यांनी नाभाजींचे नाव स्पष्टपणे नोंदविले. आपल्या आज्या-पणज्यांनी देवळाच्या ओसरीवर ऐकलेल्या कबीर, रोहिदास, मीराबाई यांच्या कथांतला मोठा भाग असा जयपूरच्या परिसरातून मराठीत आलेला आहे. आपला नामदेव तिकडे गेला आणि तिकडचे कबीर-मीरा इकडे आले. दोन्ही वेळा प्रवासाचे वाहन पोथी आणि गळा हेच होते.

त्या पोथ्यांची आजची अवस्था काय? काही चांगल्या जागी आहेत. पुरोहित हरिनारायण शर्मा (१८६४–१९४५) या जयपूरच्या विद्वानाने आयुष्यभर संतसाहित्याची हस्तलिखिते जमविली. दादूंचे विद्वान शिष्य सुंदरदास यांच्या ग्रंथावलीचे १९३६ मध्ये त्यांनी केलेले संपादन आजही आधारभूत मानले जाते, आणि सुंदरदासांच्या हयातीत लिहिलेली प्रत त्यांनी त्यासाठी मिळविली होती. त्यांचा संग्रह राजस्थान प्राच्यविद्या प्रतिष्ठानच्या जयपूर शाखेकडे आला. जयपुरात मोतीडुंगरी मार्गावर दादू महाविद्यालय आहे. पंथातील साधूंनी आणि विद्वानांनी तेथे पोथ्या राखल्या. राजवाड्यातील पोथीखान्यात १५८२ मध्ये फतेहपूरला लिहिलेली, मुख्यतः सूरदासांच्या पदांची, परंतु कबीरादिकांची पदेही असलेली दुर्मिळ पोथी आहे. कॅलेवर्ट यांच्यासारख्या अभ्यासकांनी गावोगाव फिरून शेकडो हस्तलिखितांची छायाचित्रे घेतली, म्हणून कितीतरी मजकूर निदान चित्ररूपाने वाचला.

परंतु लहान थांब्यांची गोष्ट निराळी. जेथे विरक्त साधूंची परंपरा क्षीण झाली, तेथे पोथ्यांना वाली उरत नाही. वाळवी, पावसाळ्यातील ओल आणि उंदीर यांना पंथभेद कळत नाही. त्याहून मोठा शत्रू म्हणजे भाविकपणाच. पवित्र ग्रंथ रद्दीत कसा टाकावा, म्हणून जीर्ण पोथी वस्त्रात बांधून वाहत्या पाण्यात सोडण्याची चाल साऱ्या देशात आहे. गोदावरीत, कृष्णेत आणि इंद्रायणीत अशा किती पोथ्या गेल्या असतील, याची गणतीच करता येणार नाही. ज्यांच्या घरी माळ्यावर किंवा देवघरातील फडताळात आजोबांच्या वेळचे एखादे बाड असेल, त्यांनी ते सोडून त्याचे शेवटचे पान एकदा अवश्य पाहावे. शक, तिथी, गाव आणि लिहिणाराचे नाव तेथेच असते. तेल, पाणी आणि सैल बांधणी यांपासून मला राखा, अशी पोथीच्याच तोंडची विनवणीही कित्येकदा तेथे सापडते. समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांनी रामदासी मठांतून अशीच बाडे गोळा करून धुळ्याला आणली, म्हणून ती आज श्री समर्थ वाग्देवता मंदिरात पाहता येतात. अशा संस्थांना पोथी दाखविली तरी ती वाचून देणारे कोणीतरी भेटते. आणि हल्ली घराघरांत असलेल्या फोनच्या कॅमेऱ्याने पाने टिपून ठेवणे तर मुलांनाही सहज जमते.

नरैन्यास जाण्यास फाल्गुन महिना उत्तम. फाल्गुन शुद्ध अष्टमी ही दादूंची जन्मतिथी. तिच्या आगेमागे येथे मोठा मेळा भरतो. राजस्थान, हरियाणा, पंजाब येथील दादूपंथी साधू आणि गृहस्थ जमतात, पदे गायिली जातात. गर्दी नको असणाऱ्यांनी हिवाळ्यातील कोणताही दिवस निवडावा. चैत्रानंतरचे ऊन लहान मुलांना आणि वृद्धांना सोसवत नाही. उतरण्याची सोय जयपुरातच ठेवावी आणि सकाळी लवकर निघावे. दुपारपर्यंत दादूद्वारा, खेजडा आणि तलाव पाहून होतात. वाहन बरोबर असल्यास परतताना भैराण्याचा डोंगर करावा, आणि दुसरा दिवस हाती असल्यास तो सांगानेरला द्यावा. तेथील जुन्या जैन मंदिराचे कोरीव काम प्रसिद्धच आहे. कागझी मोहल्ल्यात विनंती केल्यास कागदाचा ताव हौदातून कसा उचलतात ते दाखवितात. मुलांनी एखादा ताव स्वतः उचलून पाहिला तरी कारागीर रागावत नाहीत. मात्र हात ओले होतात, म्हणून जास्तीचा पंचा जवळ असू द्यावा.